लाल दिवा

संध्याकाळी कॉलेजच्या ऑफिसात सुर्वेबाईंनी निकालाची फाईल सेव्ह केली, पर्स खांद्याला अडकवली आणि सवयीने मेन स्विचकडे हात नेला. कॉम्प्युटरवरचा लाल दिवा अजून लुकलुकत होता.

"बाई, थांबा जरा," मी म्हणालो.

"का? सेव्ह झालं की. हल्ली किती पटकन होतं."

ऑफिसातले कॉम्प्युटर मी सांभाळतो; ते पटकन होणं ही माझीच करामत. सेव्ह व्हायला फार वेळ लागतो अशी त्यांची तक्रार होती, म्हणून मागच्या महिन्यात मी सेटिंग बदललं. आता फाईल नुसती मेमरीत पोचली की कॉम्प्युटर 'झालं' म्हणून सांगतो आणि डिस्कवर खरोखर लिहायचं काम मागाहून सावकाश करत बसतो; ते चालू असेपर्यंत लाल दिवा लुकलुकतो. तेवढ्यात वीज गेली, तर लिहिलेलं कुठेच उरत नाही. बाईंना हे मी सांगितलं नव्हतं. त्या खूश होत्या, तेवढं मला पुरलं.

दिव्याकडे बघताना अण्णा आठवले. माझे वडील. उजव्या डोळ्याने अक्षरं पुसट दिसतात, डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव, असं ते फोनवर म्हणाले होते. "झालंच म्हणून समजा," मी सांगितलं, आणि त्यांचा आवाज निवांत झाला. त्यालाही महिना होऊन गेला, आणि वेळ मी अजून घेतलेली नाही. त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही. झालं म्हटल्यावर कोण विचारतं?

लाल दिवा विझला.

"आता करू बंद?" बाईंनी विचारलं.

मी मान डोलावली. स्विच खाली आला, खोलीत अंधार झाला, आणि पहिल्यांदाच मला अण्णांच्या त्या उजव्या डोळ्याची भीती वाटली.