खडू टेबलावर ठेवल्यावर

गायकवाडबाई गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी सातवीला अपूर्णांक शिकवत होते. फोन पाहिला तो मधल्या सुट्टीत. शाळेच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती आणि मध्येच कुणीतरी 'उद्याची प्रार्थना कोणाकडे?' असं विचारून ठेवलं होतं. बाईंना ते मुळीच खटकलं नसतं. "बघा, शाळा चालू आहे," एवढंच म्हणाल्या असत्या.

वंदना गायकवाड आमच्या कोथरूडच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आल्या, तेव्हा मी तिथे गणित शिकवून मुरले होते. त्यात जीभ तिखट. नव्या साहेबांना आठवडाभर निरखायचं आणि मग नावं ठेवायची, हा आमच्या स्टाफरूमचा शिरस्ता. या बाईंनी उलटंच केलं. त्याच येऊन माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "कुलकर्णीबाई, तुम्ही प्रश्न फार छान विचारता. उत्तरंही तुम्हीच फार छान देता." मला असा राग आला की त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

बाईंना शिक्षणावरचं संशोधन वाचायचा नाद होता. बसची वाट बघतानाही मोबाइलवर तेच. पण वाचलेलं भाषणात वापरण्यापुरतं ठेवायचं, हे त्यांना जमायचं नाही. ते वर्गात उतरलं पाहिजे. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रश्न विचारल्यावर आपण श्वास घ्यायलाही थांबत नाही. थोडं गप्प राहिलं, तर एरवी तोंड न उघडणारी मुलंही बोलतात. "हडपसरच्या शाळेत मला उत्तर यायचं हो," त्या एकदा सांगत होत्या, "पण मनात जुळवेपर्यंत पुढच्या बाकावरचं कुणीतरी सांगून मोकळं... मला काही येतच नाही असं बाईंना वाटायचं. पुढे पुढे मलाही तसंच वाटायला लागलं." वडील कारखान्यात कामगार, घरात शिकलेली ही पहिलीच पिढी. त्यांच्यासाठी हा नुसता शिकवण्याच्या पद्धतीचा प्रश्न नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

एका सोमवारी आम्ही सगळ्यांनी थांबायला सुरुवात केली आणि जो गोंधळ उडाला, त्याला तोड नाही. मी आठवीत प्रश्न विचारला, हाताची घडी घातली आणि गप्प उभी राहिले. वर्ग चिडीचूप. मग पहिली रांग उठली, पाठोपाठ सगळा वर्ग उठला आणि एका सुरात "सॉरी बाई!" एकीने तर न विचारताच दप्तरातली चिंच काढून टेबलावर आणून ठेवली. मराठीच्या तासाला एकाने छडीसाठी हात पुढे केला म्हणे. स्टाफरूममध्ये हसून हसून पुरेवाट झाली. मी म्हटलं, "अहो बाई, तुमचं ते संशोधन परदेशातल्या पोरांवर झालेलं दिसतंय!"

बाईही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "आपल्याकडे बाई गप्प बसल्या म्हणजे चिडल्या. आपण थांबलो, पण कशासाठी ते मुलांना सांगितलंच नाही." दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वर्गावर्गात गेल्या. बाईंनी खडू टेबलावर ठेवला की तो वेळ तुमचा, नुसता विचार करायचा. खडू उचलला की हात वर करायचे. झालं, एवढीच सुधारणा. निकालाने काही उंच उडी मारली नाही. पण जिला मी मनातल्या मनात कधीच नापास करून टाकलं होतं, ती सानिया एक दिवस मागच्या बाकावरून म्हणाली, "बाई, वाटेकरी वाढले की तुकडा लहान होतो, म्हणून एक चतुर्थांशापेक्षा एक अष्टमांश लहान." इतक्या वर्षांत अपूर्णांक इतके सोपे मलाही सांगता आले नव्हते.

शेवटची भेट वारज्याला त्यांच्या घरी झाली. निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली होती, दुखणं हाताबाहेर गेलं होतं. यजमानांनी "जय भीम, या," म्हणत दार उघडलं. बाईंचा पहिला प्रश्न, "नवीन लोक थांबतात का हो?" मी सवयीने चेष्टा केली, "सिलॅबस संपता संपत नाही, थांबतंय कोण!" त्या हसल्या नाहीत. "मला तीच धास्ती आहे. शाळेत नवीन गोष्ट पहिल्या वर्षी प्रकल्प असते, दुसऱ्या वर्षी भिंतीवरचा तक्ता... आणि मग रद्दी." बाई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे त्यांच्याबद्दल भरभरून बोलले, पण माझ्या डोक्यात ती रद्दीच घोळत राहिली.

गेल्या आठवड्यात सहावीच्या वर्गावरून जात होते. जूनमध्ये लागलेल्या नव्या विज्ञानाच्या मॅडमनी प्रश्न विचारला, खडू टेबलावर ठेवला आणि शांत उभ्या राहिल्या. मी दाराबाहेरच थबकले. तास संपल्यावर विचारलं, "हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं का?"

"नाही हो! पहिल्याच दिवशी मी प्रश्न विचारून लगेच उत्तर सांगायला लागले, तर पोरंच ओरडली, मॅडम, आधी खडू खाली ठेवायचा असतो."

या मुलांनी गायकवाडबाईंना पाहिलेलंसुद्धा नाही. पाचवीत त्यांना गणित माझ्याकडे होतं.

हे ऐकायला बाई हव्या होत्या... फार हव्या होत्या. घंटा झाली, मी सातवीच्या वर्गात गेले, फळ्यावर गणित लिहिलं, प्रश्न विचारला आणि खडू टेबलावर ठेवला. मुलांचे विचार करून झाले, तरी त्या दिवशी तो माझ्याच्याने लवकर उचलवला नाही.