टोळीप्रमुख नव्हे, राजा

निवृत्तीनंतर मी नारायण पेठेतल्या एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायला जाऊ लागले. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला, त्यामुळे आफ्रिकेवरचं एक भाषांतर साहजिकच माझ्या टेबलावर आलं. मूळ पुस्तक पश्चिम आफ्रिकेतल्या एका कृष्णवर्णीय इतिहासकार बाईंचं. भाषांतर करणारे सर वारज्याचे, निवृत्त प्राध्यापक. जिभेला धार.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. आमच्याकडे राजे होते, न्यायसभा होत्या, गजबजलेली शहरं होती; पण या लोकांना इतिहासच नाही असं गोऱ्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं आणि जगानं ते पाठ केलं. वाचताना मी ओशाळले. ‘अंधारं खंड’ हा मथळा दरवर्षी फळ्यावर ठळक अक्षरांत मीच लिहीत असे.

पण भाषांतरात पानोपानी ‘टोळी’ आणि ‘टोळीप्रमुख’! मी सरांना फोन केला.

“अहो सर, ज्याच्या दरबारात परक्या राज्यांचे वकील येतात, त्याला आपण टोळीप्रमुख कसं म्हणायचं?”

“आपण वेलांट्या तपासा. त्या पुष्कळ चुकल्या असतील.” फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सर स्वतःच जिना चढून आले. धापा टाकत म्हणाले, “मूळ पुस्तक पुन्हा पाहिलं. बाईंनी कुठे समाज म्हटलंय, कुठे राज्य. टोळी माझ्याच डोक्यातली.”

राज्यकर्त्यासाठी बाईंनी त्यांच्या भाषेतली पदवी वापरली होती. तिला मराठीत काय म्हणावं, हे आम्ही त्यांनाच ईमेलनं विचारलं. उत्तर एका ओळीचं : त्याच काळातल्या तुमच्या राज्यकर्त्यांना तुम्ही काय म्हणता?

“राजा!” सर एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की शेजारच्या खोलीतून प्रकाशक डोकावले. आम्ही दोघं हसत सुटलो. मग चार दिवस समोरासमोर बसून चहावर चहा घेत आम्ही सगळं पुस्तक नीट केलं. इतकी मजा मला वर्गातही क्वचितच आली असेल.

शेवटी व्हिडिओ कॉलवर बाईंनी पहिलं पान मराठीत ऐकायला मागितलं. सरांनी वाचलं. बाईंना ‘काळ’ हा शब्द फार आवडला. अर्थ कळल्यावर तर त्या म्हणूनच बघू लागल्या. आधी ‘काल’, मग ‘कार’, आणि तिसऱ्यांदा अगदी स्वच्छ ‘काळ’. सगळ्या कचेरीनं टाळ्या वाजवल्या.

सरांनी त्यांना गंभीरपणे इंग्रजीत सांगितलं, “आमच्या वारज्यातल्या निम्म्या लोकांना हे जमत नाही.”

बाई खुर्चीत मागे रेलून खळखळून हसल्या.