मुलाकडे गेलेली माणसं

आमच्या डायलिसिस विभागात मशीन बिघडलं की मला बोलावतात आणि माणूस बिघडला की मोठ्या सिस्टरांना. माझं काम सोपं आहे. मशीन का अडलंय ते त्याच्या पडद्यावर लिहून येतं. माणसाच्या कपाळावर नुसत्या आठ्या येतात, त्यावरून काय ते ओळखायचं.

मोठ्या सिस्टर वयाने आणि मानाने मोठ्या, अंगाने अगदी लहान चणीच्या. नवरा घड्याळं दुरुस्त करतो आणि घरात चकार शब्द काढत नाही, त्यामुळे बोलायची हौस मला नोकरीवरच भागवावी लागते, असं त्या म्हणतात. पण रुग्ण भडकला की याच बाई तोंड मिटून घेतात. चाकांचं स्टूल ओढायचं, खुर्चीला लावून बसायचं आणि त्याचं सगळं बोलून होईपर्यंत ऐकायचं. 'शांत व्हा' असं म्हणायची आम्हाला बंदी आहे. "तुम्हाला कुणी शांत व्हा म्हटलं आणि तुम्ही झालात, असं कधी घडलंय का?" त्यांनी एकदा मला विचारलं. माझी बायको मला हे रोज म्हणते, म्हणून मी विषय वाढवला नाही.

आमच्याकडची माणसं एकदा येऊन बरी होऊन जाणारी नव्हेत. मूत्रपिंडं थकली की रक्त साफ करायला आठवड्यातून तीनदा यायचं, हातात दोन सुया टोचून चार तास खुर्चीत बसायचं, आणि हे जन्मभर. त्याच वेळा, त्याच खुर्च्या, तेच शेजारी. सख्ख्या भावाशी बोलणं नसलेली माणसं इथे शेजारच्या खुर्चीतल्याचा ब्लड प्रेशरचा आकडा पाठ सांगतात. आणि मग एखाद्या दिवशी एक खुर्ची रिकामी राहते.

त्यासाठी आमच्याकडे एक पद्धत होती, आणि ती मोठ्या सिस्टरांनीच पाडली होती. मी लागायच्या आधी म्हणे एका बाईला शेजारीण वारल्याचं कळलं आणि तिने धसका घेऊन येणंच सोडलं. तीही गेली. तेव्हापासून आमच्याकडे कुणी मरत नाही. पुरुष मुलाकडे जातो, बाई लेकीकडे जाते, आणि पुढचे उपचार तिकडच्याच दवाखान्यात घेते. नवीन माणूस कामावर आला की मशीन कसं धुवायचं याच्याआधी त्याला हे शिकवायचे. मीही शिकलो आणि बिनदिक्कत सांगायचो.

शिंपीकाका आणि पोस्टमन यांच्या खुर्च्या शेजारी शेजारी. काकांच्या नाकावर कायम राग. पट्टी तिरकी लागली तरी पाणउतारा करणार, चादरीची शिवण उसवलेली दिसली तर ती शिवणाऱ्याच्या खानदानापर्यंत जाणार. पोस्टमन तितकाच गोड. काका कुणावर घसरले की पोस्टमन मान हलवून म्हणायचे, "आज कात्रीला धार केलेली दिसते." काका हसायचे नाहीत, पण थांबायचे. पोस्टमन वाळत चालले तसे काकांनी त्यांचे सगळे सदरे घरी नेऊन आत घेऊन दिले.

पोस्टमन उन्हाळ्यात मुलाकडे गेले. म्हणजे वारले.

त्यानंतर महिन्याभराने काकांचा तोल गेला. आल्या आल्या ज्याला त्याला विचारायचे, "पोस्टमन कुठाय?" उत्तर मिळालं की त्या माणसाचा दिवस खराब. त्यातही पुढे एक नवीनच सुरू झालं. अर्धा वेळ झाला की, "काढा सुया, मला घरी जायचंय." चार तासांच्या जागी दोन. अंगातलं पाणी निघेना, पाय सुजले, जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, हे असंच चाललं तर फुप्फुसं पाण्याने भरतील. ती बिचारी रडली, बापाच्या विनवण्या केल्या. बाप ढिम्म.

त्या दुपारी नवीन सिस्टर त्यांची नळी सरळ करायला वाकली, तर त्यांनी तिचा हात झिडकारला. ट्रे खाली पडला, कात्र्या-चिमटे फरशीभर. पोरगी रडत बाहेर गेली. मी तावातावाने पुढे झालो. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा मनस्वी राग आला होता. पण मोठ्या सिस्टर स्टूल घेऊन आधीच पोचल्या होत्या.

"काढा सुया," काका म्हणाले.

"काढते. तुमच्या मनाविरुद्ध बसवून ठेवणार नाही. पण ती मुलगी तुमच्या नातीएवढी आहे काका. राग तिच्यावर नाही, मग कुणावर रागावलाय?"

"पोस्टमन कुठाय?"

मोठ्या सिस्टरांनी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण काकांनी त्यांना बोलूच दिलं नाही.

"मुलाकडे, हो ना? अहो, मी त्याचा शेवटचा सदरा द्यायला घरी गेलो होतो. त्याच्या बायकोने दार उघडलं. त्याला जाऊन महिना झाला होता. महिनाभर तुम्ही सगळे माझ्या तोंडावर हसत हसत सांगताय, मजेत आहेत! तो मशीनवाला तर म्हणाला, तिकडे हवा मानवली त्यांना."

हे मीच म्हणालो होतो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"आणि त्याच तोंडाने मला सांगता, काका, रिपोर्ट छान आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "कशावरून? माझंही ठरलेलं असणार. मग इथे कशाला कुजत बसू? बायकोजवळ बसेन तेवढे दिवस."

तर हे होतं. इतके दिवस हा माणूस आपण मरायला टेकलोय असं धरून चालला होता, आणि ते त्याला आमच्या गोड बोलण्याने पटवलं होतं.

मोठ्या सिस्टरांनी खोलीभर नजर फिरवली. दहा-बारा खुर्च्या, सगळे जागे, सगळे कान इकडे. त्या बाईंना मी पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं.

"पोस्टमन गेले, काका," त्या म्हणाल्या. "घरीच, झोपेत. सकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला. मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले आणि बाहेर येऊन तुम्हाला खोटं सांगितलं. माझं चुकलं."

"आता माझं सांगा," काका म्हणाले.

"रिपोर्ट खरंच चांगला होता. तुम्ही अर्ध्यात उठायला लागलात तिथपर्यंत. आता छातीत पाणी आहे. असंच उठत राहिलात तर थोडे दिवस. पूर्ण बसलात तर पुष्कळ. पुष्कळ म्हणजे किती, ते मला माहीत नाही आणि माहीत असल्यासारखं बोलणारही नाही."

समोरच्या खुर्चीतल्या आजींनी चष्मा वर केला. "सिस्टर, ती बालवाडीची बाई? लेकीकडे गेली म्हणालात ती?"

"त्या पण गेल्या, आजी."

"आणि तो जाडा दुकानदार?" कोपऱ्यातून आवाज आला.

"ते पण."

एकेक करून सगळ्यांनी विचारलं. मोठ्या सिस्टर स्टुलावर बसल्या बसल्या प्रत्येकाला उत्तर देत होत्या, कोण कधी गेलं, कुणाला त्रास झाला, कुणाला नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती. आता एकेक जण सुया काढायला सांगणार, असं मला वाटलं. कुणी उठलं नाही. आजी एवढंच म्हणाल्या, "मला वाटायचं, जाताना सांगूनसुद्धा गेली नाही. उगाच तिच्यावर रुसून होते."

शिंपीकाकांनी घसा साफ केला. "माझ्या वेळी त्याच दिवशी सांगायचं यांना. आणि मुलाकडे गेला म्हणू नका, मला मुलगाच नाही. एक मुलगी आहे, आणि जावयाच्या घरी मी मेलो तरी जाणार नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले, आजी तर ठसका लागेपर्यंत.

"सांगेन," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "त्याच दिवशी."

काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "किती राहिलंय अजून?"

मी पडदा बघितला. "दोन तास, काका. जरा जास्तच."

"असू दे," ते म्हणाले, आणि खुर्चीची पाठ मागे झुकवायला सांगितली.