तिसऱ्या झोपेतल्या अळ्या

पानिपतच्या बाजूला पॉपलरच्या लागवडीवर आम्ही ड्रोनने एका औषधाची फवारणी करून पाहत होतो. ते अळीला लगेच मारत नाही. तिला कात टाकू देत नाही. पाने खाणाऱ्या किडीवर ते चांगले लागू पडले होते. प्रश्न होता वाऱ्याबरोबर बाहेर जाणाऱ्या तुषारांचा. पुढे हेच औषध सागाच्या जंगलांवर फवारायचे होते, आणि आमच्या गावातल्या रेशमाच्या शेड सागाच्या जंगलाला लागूनच आहेत. त्यातल्याच एका शेडमधल्या कोषांवर आईने मला एम.एस्सी.पर्यंत शिकवले. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेज पाहिले नव्हते.

म्हणून लागवडीच्या हद्दीबाहेर जवळ-लांब तुतीच्या कुंड्या ठेवल्या आणि फवारणीनंतर त्यांचा पाला गाझियाबादच्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या ट्रेमधल्या रेशमाच्या अळ्यांना घातला. आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. घरात तिला करमेना, म्हणून माझ्याबरोबर यायची.

"औषधाचा पाला घालतीस होय गं? यासाठी शिकवलं का तुला?" ती हसून म्हणाली, पण ट्रेवरची नजर तिने काढली नाही.

अळ्या भराभर खात होत्या. सर्वांत लांबच्या कुंडीचा ट्रे पाहून प्रयोगशाळेचे साहेब खूश झाले. "बिल्कुल ठीक हैं यार. सेफ लिखकर रिपोर्ट भेज दो."

"सर, कात टाकेपर्यंत थांबू या," मी हिंदीत म्हटले. ते नाराजीने थांबले.

मग अळ्यांनी खाणे सोडले आणि डोके वर करून त्या स्थिर झाल्या. कात टाकण्याआधीच्या या अवस्थेला आमच्याकडे झोप म्हणतात. ही तिसरी. झोपेत पाला घालायचा नाही, मोठ्याने बोलायचे नाही. साहेब फोनवर बोलत होते. आईने त्यांना हातानेच बाहेर जायची खूण केली. ते मुकाट्याने गेले.

दुसऱ्या दिवशी तुलनेसाठी साध्या, बिनऔषधाच्या पाल्यावर ठेवलेल्या अळ्या कात टाकून पाला शोधू लागल्या. लांबच्या कुंडीच्या ट्रेमधल्या तशाच होत्या.

"मागं राहिल्यात. उठतील," आई म्हणाली.

आणखी एक दिवस गेला. त्यांचा रंग काळवंडला.

"आई, ह्या नाही उठायच्या."

साहेब आले, ट्रेवर वाकले. "सेफ नहीं लिखेंगे," ते हळूच म्हणाले. "पौधों के गमले और दूर रखो."

मी ट्रे उचलला. तो टेबलाच्या कडेला लागून खडखडला.

"हळू गं," आई म्हणाली.