कापसावरची तालीम

ढाणकीच्या विमलताई थकल्या आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्यांना निवांत बसलेलं कोणी पाहिलेलंच नाही. दिवाळीआधी त्यांचे यजमान बबनराव न्हाणीजवळ पडले. हाड मोडलं नाही, पण उठताच येईना. विमलताई शेतातून परत येईपर्यंत माणूस तसाच ओल्यात पडून. तेव्हापासून बाईनं घर सोडलं नाही. मुकुटबनला धाकटी बहीण नलू अंथरुणाला खिळलेली. ती फोन करकरून विचारते, "अक्का, कवा येशीन वं?" पण यांना एकटं टाकून जायचं कसं?

उमरखेडच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या सुरभीनं बबनरावांना पडल्यावर कसं उठायचं ते दाखवलं. आधी नुसतं पडून राहायचं. श्वास घ्यायचा, कुठं लागलंय का बघायचं. मग कुशीवर वळायचं, रांगत खाटेशी जायचं, तिच्यावर हात टेकायचे, एक पाय पुढं रोवायचा आणि उठायचं. रोज तालीम करा, म्हणाली.

आता तालीम करायची कुठं? पुढच्या खोलीत भाव वाढेल या आशेनं ठेवलेला कापूस, पार खाटेच्या पायांपर्यंत पसरलेला. बबनराव म्हणाले, "फरशीवर कायले पडू? घरचा कापूस हाये ना!" विमलताईंनाही ते पटलं, तिथंच चुकलं. पडायला कापूस झकास. पण हात टेकला की कोपरापर्यंत आत, गुडघा टेकला की तोही आत. आणि पडून राहायची पहिली पायरी तर बबनराव गाळूनच टाकत. पडले रे पडले की हात वर. "ओढ वं!" की विमलताई ओढत. तालीम झाली ती त्यांच्या कमरेची. रात्री कूस बदलताना जीव जायचा.

"तुमाले उठता येत नाही अन् मले बसता येत नाही," एकदा त्या वैतागून म्हणाल्या. बबनराव हसले. त्यांना हसू कसं येतं याचाच विमलताईंना राग आला.

संक्रांतीनंतर कापूस विकला. गाडी भरून गेली आणि विमलताई खोली झाडायला लागल्या. कापसाखाली अंथरलेली ताडपत्री पायाखालून सरकली आणि त्या धाडकन फरशीवर.

"पडली काय वं?" खाटेवर बसलेले बबनराव घाबरले. घरात तिसरं कोणी नव्हतं. खाट धरून ते कसेबसे खाली फरशीवर उतरले, बसल्या बसल्या सरकत बायकोजवळ आले आणि तिचा हात ओढू लागले.

"ओढू नका! काही नाही झालं मले. आता तुम्ही कसे उठता ते पाहा आधी."

तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, आपणही खालीच आहोत. कुरकुरत ते रांगत खाटेशी गेले. हात टेकले. एक पाय रोवला. कडक फरशीनं पाय धरून ठेवला, आणि बबनराव उभे राहिले. जरा डुलले, पण उभे राहिले.

"उठलो वं मी! कोणी हात नाही लावला!"

"रविवारी मी नलूकडे चालली," विमलताई खालूनच म्हणाल्या.

"जाय ना. पण आधी उठशीन का नाही? दे हात."

"पहिली पायरी करून राह्यली मी," विमलताईंनी डोळे मिटले. "पडू द्या जरा मले."