व्याह्यांचा हूक

बाजारात मिळणारी वस्तू विकत घेणं म्हणजे आपला पराभव, असं मानणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच असावा आणि तो नेमका माझा व्याही निघावा, हे मी मुलीच्या लग्नापासून सोसत आलो आहे. शेजारी असते तर मधली भिंत उंच करून घेतली असती. मित्र असते तर बोलणं सोडलं असतं. व्याह्यांचं काय करणार? मी मुलीचा बाप. आमच्याकडे मुलीच्या बापाने व्याह्यांच्या दारात आवाज चढवायचा नसतो, आणि त्यांनी काहीही करून दाखवलं तरी 'छान झालंय' म्हणायचं असतं. अंबाजोगाईत माझं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने कसलाही रंग उचलला तरी 'तुम्हाला खुलून दिसेल' म्हणण्यात माझं आयुष्य गेलं. पण व्याह्यांच्या कारागिरीपुढे माझी जीभसुद्धा अडखळते.

घाटनांदूरच्या पुढे त्यांचं गाव. त्यांच्या अंगणात पाऊल टाकताना खाली बघून चालावं लागतं, कारण जिथे तिथे लोखंड पडलेलं असतं. सायकलच्या चेनी, पंपाचे पाइप, खाटेचे अँगल, कुठल्या तरी दाराच्या बिजागऱ्या. रस्त्यात नट पडलेला दिसला की व्याही चालती मोटारसायकल थांबवतात, मागून येणारा काय बोलतो ते ऐकून घेतात आणि नट खिशात टाकतात. लग्न ठरवायच्या बैठकीत सगळे मानपानाचं बोलत होते आणि नवऱ्या मुलाचे वडीलच कुठे दिसेनात. शोधलं तर आमच्या न्हाणीघरात बंबाच्या नळाशी झटापट करत बसलेले. "गळत व्हता," एवढंच म्हणाले. नळ तोवर गळत नव्हता, हे मी त्या दिवशी बोललो नाही. त्या दिवसानंतर मात्र त्याची गळती कधी थांबली नाही.

पुढे एकदा ते दुकानात आले. शटर कुरकुरतं हे त्यांच्या कानाने टिपलं, आणि मी चहा सांगायला गेलो तेवढ्यात त्यांनी ते 'मोकळं' केलं. त्यानंतर दिवाळीपर्यंत ते कमरेच्या वर जाईना. बायका साड्या घ्यायला वाकून आत येत आणि मी गल्ल्यावरून सगळ्यांना सांगत बसे की बाई, आमच्या व्याह्यांनी दुरुस्त केलंय. काम फसलं म्हणून व्याही कधी वरमत नाहीत. 'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. ते म्हणतात, "आता समजलं." आणि वर समजूत घालतात, "इवाई, लोखंडाची अन् आपली वळख व्हाया येळ लागतो." त्यांच्याकडे इवाई म्हणजे व्याही, म्हणजे मी.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण यंदाच्या रब्बीत त्यांनी माझ्या मुलीच्या शेतीला हात घातला, आणि माझं हसू गेलं.

जावई पुण्याला कंपनीत आहेत. तिथल्या एका खोलीत दिवसभर भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा मी गावी राहून शेत बघते, असं माझ्या अश्विनीने ठरवलं आणि ती ते मनापासून करते. तिचं अडतं ते एकाच ठिकाणी. भाड्याचा ट्रॅक्टरवाला तिला "येतो ताई, येतो ताई" म्हणतो आणि गावातल्या सगळ्या पुरुषांची रानं उरकून शेवटी येतो. हरभऱ्याला ओल असताना बी पडावं लागतं. आदल्या वर्षी तो आला तेव्हा ओल उडून गेली होती. हरभरा उगवला, पण इथे चार रोपं आणि तिथे चार, असा. त्या वर्षी फोनवर ती रडली नाही, पण तिचा आवाज मला कळतो. म्हणून यंदा बागेत चालवतात तसा एक छोटा जुना ट्रॅक्टर तिने घेतला. इंजिन चांगलं होतं, पण औत अडकवायची आणि उचलायची मागची जोडणीच कुणीतरी काढून घेतलेली. जोडणी आली की यंदाची पेरणी अश्विनीच्या हातात. नाही आली तर पुन्हा "येतो ताई".

मी म्हणालो, लातूरहून तयार जोडणी आणतो, आणि तीही माझ्याकडून भेट. व्याह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्यांना घरी पीठ असताना विकतची भाकरी खायला सांगितली. "कावून आणायची? घरी लोखंड कमी हाय का?" मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "करू द्या बाबा, मामा करतील." सासऱ्यांना ती मामा म्हणते. आणि बापावर ठेवला नसेल एवढा विश्वास त्या मामांवर ठेवते, हेही मला तेव्हाच समजलं.

व्याही मापाला टेप वापरत नाहीत. वीत, बोट, मूठ आणि फारच बारीक काम असेल तर ज्वारीचा दाणा. मीटरने कापड फाडून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे बघणं म्हणजे शिक्षा आहे. ट्रॅक्टरच्या मागे हूक किती उंचीवर हवा, हे ठरवायला ते कासरा घेऊन निघाले. मला वाटलं ट्रॅक्टरकडे जातील. ते शेजाऱ्याच्या गोठ्यात गेले. तिथल्या बैलाच्या खांद्यावर, जिथे जू बसतं तिथे, कासऱ्याचं एक टोक धरलं, दुसरं जमिनीला टेकवलं आणि गाठ मारली. मला राहवलं नाही. विचारलं, "बैलाचं माप कशाला?" ते शांतपणे म्हणाले, "औत कोणाचं? बैलाचं. त्याला त्या उंचीची आदत हाय. उगं नवीन ठिकाणी जुपलं तर चालंल का?"

ती गाठ घेऊन आम्ही घाटनांदूरच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. तिथला सलीम मिस्त्री गाठीकडे आणि ट्रॅक्टरकडे आळीपाळीने बघून म्हणाला, "काका, लई वर व्हायलंय हे." व्याही म्हणाले, "तू जोड बे." सलीमने माझ्याकडे पाहिलं. मी मुलीचा बाप. मी दुकानाबाहेर लावलेल्या खिडक्यांच्या जाळ्या बघत राहिलो.

तयार झालेली वस्तू मी आजही डोळ्यांपुढून घालवू शकलेलो नाही. माझ्या मुलीच्या सीटमागे, तिच्या पाठीपेक्षा उंच, दाराची चौकट उभी केल्यासारखं लोखंड उभं होतं आणि त्याच्या माथ्यावर हूक. गावातली माणसं येऊन बघून जात होती. एकाने विचारलं, "मंडप टाकायलेत का काय?" व्याह्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी घरचे बैल होते तेव्हाचा जुना वखर आणला, त्याची लांब बाभळीची दांडी त्या हुकात अडकवली आणि अश्विनीला म्हणाले, "चल माय, घे रान."

तिने गिअर टाकला. वखर जमिनीत रुतला, वर दांडी ताणली गेली, आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून उठली. पोरीने क्लच दाबला आणि चाकं धप्पकन खाली आली. मी व्याह्यांकडे वळलो. आता सगळे रीतिरिवाज गुंडाळून बोलायचंच असं ठरवलं होतं. ते ट्रॅक्टरकडे कौतुकाने बघत म्हणाले, "ताकद बघितली का त्याची?"

आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी उपायही काढला. पुढे वजन हवं. स्वतः त्यांनी पुढच्या लोखंडावर बसून पाहिलं, पण त्यांचं अंग पाप्याचं पितर. मग त्यांची नजर माझ्यावर आली, पायापासून वरपर्यंत सावकाश फिरली. "इवाई, तुमी बसा म्होरं. तुमचं अंग हाय." सबंध गावादेखत, पांढराशुभ्र सदरा घालून, हातात टोपी धरून, मी माझ्या मुलीच्या ट्रॅक्टरच्या नाकावर बसलो. व्याह्यांना नाही म्हणायचं नसतं. इंजिनाची ऊब पाठीला लागत होती, धूळ तोंडात जात होती, आणि समोर बांधावर उभ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. रानाच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला मी ढेकळावरून उडून खाली आलो. लागलं नाही, पण जी अब्रू जायची ती गेली.

"मामा," अश्विनी खाली उतरून म्हणाली, "बैल खांद्यानं ओढतो. हा चाकानं ओढतो. ह्याचा खांदा खाली आहे." मागच्या चाकांच्या आसाकडे तिने बोट दाखवलं. व्याही तिथे उकिडवे बसले आणि आसापासून जमिनीपर्यंत वीत टाकून बघितली. मग म्हणाले, "आता समजलं."

दुकान नोकरावर सोडून मी तिथेच मुक्काम टाकला होता, आणि ओल रोज थोडी थोडी उडत होती. मी सकाळी रानात जाऊन मूठभर माती दाबून बघायचो आणि ती दिवसागणिक जास्त सुटी पडायची. लातूरच्या दुकानदाराला लावायला मी रोज फोन बाहेर काढायचो. पण घरात रात्रीच्या जेवणाला सासरा आणि सून ताटात भाकरीचा तुकडा ठेवून त्यावर बोटाने आकृत्या काढत बोलायचे, आणि मी फोन खिशात ठेवायचो. चौकट कापली गेली. हूक आसाच्या खाली गेला. दांडी आता आखूड हवी होती, तर व्याही करवत घेऊन बसले आणि तिला हात लावायलाच त्यांना दुपार झाली. लोखंड कापताना जे मागेपुढे बघत नाहीत, ते त्या बाभळीच्या लाकडावरून नुसता हात फिरवत बसले होते. मी तिथून उठून गेलो. औत उचलायला त्यांनी गावातल्या बंद पडलेल्या हातपंपाचा दांडा सीटशेजारी बसवला. तो मागे ओढला की औत वर, सोडला की खाली. दिसायला ते सगळं इतकं ओबडधोबड होतं की आमच्या दुकानात असा माल आला असता तर मी परत पाठवला असता.

ज्या दिवशी पेरणीयंत्र जोडलं, त्या दिवशी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांकडे मी टक लावून बघत होतो. ती जमिनीवर राहिली. अश्विनी शेवटापर्यंत गेली, दांडा ओढला, वळली, दांडा सोडला आणि परत येऊ लागली. मागे सरळ तासं पडत होती आणि बी ओलीत पडत होतं. कोणी "येतो ताई" म्हणायला नव्हतं, कोणाची वाट बघायची नव्हती. मला एवढं समाधान झालं की व्याह्यांना मिठी मारावी असं वाटलं.

ते बांधावर पाना आणि पकड मांडीवर घेऊन बसले होते. काही तुटलं तर धावायला. ट्रॅक्टर एकदा आला, गेला. पुन्हा आला, गेला. काही तुटलं नाही. अश्विनी आमच्यासमोरून जाताना हसली आणि पुढे निघून गेली, थांबली नाही. थांबायचं कारणच नव्हतं. व्याह्यांनी पाना हातात उलटा केला, सुलटा केला. म्हणाले, "घरचे बैल व्हते तवा औत जोडायचं म्हटलं की मला बोलवायची. मामा, जरा धरा. आता तिचं ती करायली." पाना मांडीवर ठेवत म्हणाले, "चांगलंच झालं म्हणा."

चांगलंच झालं होतं, आणि त्यांनीच ते केलं होतं. अश्विनी आमच्या घरी होती तेव्हा ओढणी कुठली घेऊ इथपासून सगळं विचारायची. आता तिचा फोन येतो तो माझी तब्येत विचारायला. मुलगी शहाणी झाली याचा आनंद मला कोणापेक्षा कमी नाही, पण दुकान बंद करून घरी येताना कधी कधी वाटतं की तिने एखादी गोष्ट बापाला विचारावी.

ट्रॅक्टर लांबच्या टोकाला वळत होता. इंजिन एका सुरात चाललं होतं. मी म्हणालो, "इवाई, डाव्या बाजूनं थोडा खडखड आवाज येतोय का?"

व्याह्यांनी मान तिरकी केली. आवाज येत नव्हता, हे त्यांच्या कानाला माझ्याआधी कळलं असणार. पण ते ताडकन उठले. "मला बी वाटायलंच," म्हणाले आणि पाना घेऊन ढेकळं तुडवत, धोतर सावरत निघाले. अश्विनीने त्यांना येताना पाहिलं आणि ट्रॅक्टर थांबवला. खाली उतरून तीही त्यांच्याबरोबर हुकापाशी वाकली. चांगला घट्ट बसलेला नट ते आता सैल करणार, पुन्हा आवळणार आणि कदाचित वाकडा बसवणार, हे मला दिसत होतं. मी बांधावरूनच ओरडून सांगितलं, "नीट बघा, घाई करू नका."