दुभाजक कोणी फोडला?

निवृत्त झाल्यापासून लोक भेटले की मला खुनाच्या आणि दरोड्याच्या गोष्टी विचारतात. त्याही सांगतो. पण माझ्या मनातून कधीच न गेलेली घटना एका अपघाताची आहे. त्या तपासात पिस्तूल नव्हते, टोळी नव्हती, पाठलाग नव्हता. तरी माझ्या ठाण्याचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटला तो त्याच वेळी.

नगर-पुणे रस्त्यावर, सुप्याच्या थोडे अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही. गाव रस्त्याच्या एका अंगाला आणि कारखाने दुसऱ्या अंगाला. पूर्वी फाट्यावर हात केला की एसटी थांबायची. रस्ता मोठा झाला, मधोमध काँक्रीटचा दुभाजक आला आणि एसटी गावाकडे न बघता सुसाट निघून जाऊ लागली. बस थांबेना म्हणून घरोघर दुचाकी आल्या. ज्यांना झेपले त्यांनी चारचाकी घेतली. रस्ता ओलांडायचे अधिकृत वळण बरेच पुढे होते, त्यामुळे अर्धे गाव उलट्या दिशेने गाड्या हाकायचे. मग एके दिवशी गावासमोरच्या दुभाजकाला भगदाड पडले. आमच्या पत्रावरून महामार्गाच्या लोकांनी तिथे दगड भरलेली पिंपे लावली. आठवडाभरात ती पिंपे शेताच्या बांधावर जाऊन पडली.

त्याच भगदाडात एक बाई गेली. सुप्याच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला होती. नवरा आजारपणात वारलेला, घर तिच्यावर चाललेले. सकाळच्या पाळीला निघाली, स्कूटी भगदाडातून पुढे घेतली आणि नगरकडून येणाऱ्या कारखाली आली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे संपले होते.

कारवाला पळाला नाही. त्यानेच रुग्णवाहिका बोलावली आणि आम्ही पोहोचेपर्यंत रस्त्याकडेला बसून राहिला. दारू प्यायलेला नव्हता, पण वेग भरपूर होता. त्याच्यावर रीतसर गुन्हा दाखल झाला. पंचनामा चालू असतानाच गाव रस्त्यावर उतरले. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. लोकांच्या तोंडी एकच नाव होते, रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्याचे. गिऱ्हाइकांच्या गाड्या वळाव्यात म्हणून त्यानेच दुभाजक फोडला, असे जो तो सांगत होता. कोणीतरी त्याच्या हॉटेलची काचही फोडली.

त्या गर्दीत मयत बाईचा दीर मात्र गप्प होता. पन्नाशी ओलांडलेला, सरळमार्गी शेतकरी. गाव त्याला अण्णा म्हणायचे. तो साइडपट्टीवर उकिडवा बसून जमिनीकडे बघत होता. घरातले माणूस गेले आहे, असे म्हणून मी त्याच्या वाटेला गेलो नाही.

महामार्गाच्या अधिकाऱ्याने फिर्याद दिली आणि सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा वेगळा गुन्हा नोंदवला गेला. संशयित अर्थातच हॉटेलवाला. त्याला ठाण्यात बोलावले. तो घाबरला होता, पण प्रत्येक प्रश्नाला त्याचे उत्तर एकच.

"साहेब, माझा धंदा हाय तिथं. त्याच गावातून मला दूध येतं, भाजी येती. मी कशाला असलं काम करीन?"

"मग फोडला कोणी?"

"मला ठावं न्हाई."

त्याला ठाऊक होते. खोटे बोलणारा माणूस बहुधा ढीगभर तपशील देतो. कोणाला तरी वाचवणारा माणूस थोडके बोलतो आणि तेवढ्यावरच अडून राहतो, हे मी अनेक वेळा पाहिले आहे. पण तो वाचवत कोणाला होता? ज्या गावाने त्याची काच फोडली, त्यातल्याच कोणाला तरी?

तीन दिवस त्याला बोलावत राहिलो. चौथ्या दिवशी दुपारी ठाण्याचा फोन वाजला. ठाणे अंमलदाराने घेतला. पलीकडे बाईचा आवाज होता. "त्या हॉटेलवाल्याला उगं छळू नका. ते आमच्या गावानंच केलंय." एवढेच बोलून तिने फोन ठेवला. अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मला येऊन सांगितले.

मी आमच्या महिला हवालदारांना बरोबर घेतले आणि जागेवर गेलो. या बाई तपासात फार चोख होत्या. रस्त्याच्या कडेने दोन वेळा फिरल्या आणि म्हणाल्या, "सर, हॉटेलवाल्याने फोडला असता तर स्वतःच्या फाटकासमोर फोडला असता ना? त्याचं फाटक पार तिकडं पुढं आहे. हे भगदाड बरोबर गावाच्या रस्त्यासमोर आहे."

मग आम्ही दुभाजकाचे उरलेले तुकडे बघितले. काँक्रीटमध्ये एका ओळीत गोल भोके होती. विहीर खोदताना खडकात पाडतात तशी. आमच्या भागात त्यासाठी ट्रॅक्टरला कॉम्प्रेसर लावतात. असे ट्रॅक्टर त्या पंचक्रोशीत मोजकेच होते. संध्याकाळच्या आत त्यातला एक चालक माझ्यासमोर खुर्चीवर बसला होता.

मी त्याला दम दिला नाही. चहा मागवला आणि विचारले, "काम कधी केलंस?"

"कुठलं काम?"

"दुभाजकाचं."

त्याने कप खाली ठेवला. "भर दिवसा केलं साहेब. नारंगी जाकिटं घातली हुती. रस्त्यानं जानाऱ्यांना वाटलं सरकारी काम हाय. मलाबी तसंच सांगितल्यालं."

"कोणी सांगितलं?"

त्याचे डोळे भरून आले. "मला न्हाई सांगता यायचं. त्या मान्साच्या घरात सुतक हाय."

त्याने नाव घेतले नाही, पण सांगायचे ते सांगून टाकले होते. हवालदारबाईंनी माझ्याकडे पाहिले. मला साइडपट्टीवर बसलेला अण्णा आठवला.

सुतकात माणसाला उचलून आणायचे माझ्या मनाला पटेना. तो पळून जाणारा नव्हता. मी निरोप धाडला, सुतक फिटले की ठाण्यात या. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी अण्णा स्वतः आला. मागून त्याची बायको आली आणि तिच्या मागून सरपंचासह निम्मे गाव. सरपंच पुढे होऊन म्हणाले, "साहेब, हे समद्या गावाचं काम हाय. भ्यापोटी आमी हॉटेलवाल्याचं नाव पुढं केलं. अटक करायची तर समद्यांना करा."

अण्णाने त्यांचा हात धरून त्यांना मागे घेतले. "गाव हो म्हनलं हुतं, पर ट्रॅक्टर म्या आनला. जाकिटं म्या आनली. नाव माझंच लिवा साहेब."

मी विचारले, "अण्णा, का केलंत?"

तो म्हणाला, "तिच्यासाठीच केलं. माझ्या भावजयीसाठी. ती उलट्या बाजूनं जायची, एकदा ट्रकनं हूल दिली अन् रस्त्याकडच्या चारीत पडली. हात मोडला हुता. मी म्हनलं, समोरून सरळ वाट केली तर लेकरू सुखानं जाईल."

आयुष्यभर गुन्हेगारांचे जबाब लिहिले, पण तो जबाब लिहिताना आमच्या रायटरचा पेन थांबला. तेवढ्यात अण्णाची बायको पुढे आली.

"फोन मी केल्ता," ती म्हणाली. माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघून. "तुमी रोज आतल्या आत जळत हुता. अन् तिकडं बिनगुन्ह्याचा मानूस चौकीच्या पायऱ्या झिजवत हुता. मला बगवंना."

आता हा माणूस काय करतो, म्हणून मी खुर्चीतून अर्धवट उठलो होतो. अण्णाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "बरं केलंस."

अटक झाली, न्यायालयात हजर केले, जामीन मिळाला. पुढे खटला उभा राहिला तेव्हा अण्णाने वकिलाचा सल्ला बाजूला ठेवून गुन्हा कबूल केला. न्यायालयाने दंड ठोठावला आणि दिवसाचे कामकाज संपेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा दिली. ती त्याने ताठ बसून भोगली. बाहेर आल्यावर तो आधी हॉटेलवाल्याकडे गेला आणि गावासमक्ष त्याची माफी मागितली. काच गावाने बसवून दिली.

पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट खटल्याच्या आधीच घडली होती. जामिनावर सुटल्यानंतर काही दिवसांनी गावात ग्रामसभा भरली. विषय एकच, भगदाडाचे काय करायचे? तंटा होईल म्हणून सरपंचांनी मला बोलावले होते. मी साध्या कपड्यात मागे बसलो. शेजारी हवालदारबाई.

मोटारसायकलवाली तरुण पोरे आधी उठली. "भगदाड बुजवायचं न्हाई. सिग्नल लावा. आमाला लांबून फिरायला लावता का?" एकजण म्हणाला, उड्डाणपूल मागा. दुसऱ्याने विचारले, तो होईस्तोवर काय करायचं, आणखी कोणाला तरी मरायला लावायचं? आवाज चढले. मला वाटले, आता उठावे लागणार.

तेव्हा अण्णाची बायको उभी राहिली. ग्रामसभेत ती याआधी कधी बोलली नव्हती, हे मला नंतर कळले. "येवढं मोठं भगदाड पाडलंत, ते गाड्यांसाठी पाडलंत," ती म्हणाली. "आमाला गाडी कुठं हवी हुती? आमाला कामावर जायचं हुतं. एसटी थांबत हुती तवा माझी जाऊ एसटीनंच जायची की. बस बंद झाली म्हनून तिनं स्कूटी घेतली. रस्त्याखाली ती पान्याची मोरी हाय, बाभळीनं बुजल्याली. ती मोकळी करा. मानसं तिकडनं चालत जातील."

"अन् गाड्या कुटनं जातील?" एका पोराने विचारले.

"गाड्या जाऊ द्या लांबनं. त्यांना काय पाय दुखत्यात?"

सभा हसली. त्या दिवसांत त्या गावात कोणी पहिल्यांदाच हसले असेल. अण्णाने उठून सांगितले, "भगदाड म्या पाडलं. बुजवायला पयली पाटी माझी." ठराव एकमताने झाला. भगदाड बंद, मोरीतून पायवाट, आणि दोन्ही अंगांना एसटीचा थांबा मिळावा म्हणून अर्ज.

पुढचे काही महिने आमच्या ठाण्याने ते काम आपलेच समजून केले. मोरीला हात लावायचा तर महामार्गाची परवानगी लागते. ती मिळवायला हवालदारबाई सरपंचांबरोबर किती वेळा नगरला गेल्या, त्याची गणती नाही. "पोलीस खात्याचा याच्याशी संबंध काय?" असे एका कार्यालयात त्यांना विचारले गेले. "पुढचा पंचनामा करायला आम्हालाच जावं लागतं, एवढाच," असे त्या म्हणाल्या. ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे आणि दर वेळी माझी छाती फुगते.

गावाने श्रमदानाने मोरी उपसली. बाभळी काढल्या, गाळ काढला. पावसाचे पाणी एका अंगाने जावे आणि माणसे कोरडी जावीत म्हणून आत चालण्यापुरता उंच कट्टा बांधला. दिवसाही अंधार होता, तिथे दिवा लावला. त्या दिव्याचे बिल हॉटेलवाल्याने आपणहून आपल्या अंगावर घेतले. कारखान्यांच्या व्यवस्थापकांना मी ठाण्यात चहाला बोलावले आणि पाळीची बस फाट्यापर्यंत आणायची विनंती केली. एकाने नियम सांगितले, दोघांनी बस सुरू केली, मग पहिल्यानेही केली. एसटीचा थांबा मिळायला सर्वांत उशीर लागला, पण मिळाला. आजही गावात दुचाक्या आहेत, चारचाक्या आहेत. पोरे अजून कुरकुर करतात. मात्र कामावर जायला गाडी घ्यावीच लागते, असे आता कोणी म्हणत नाही.

माझी बदली झाली त्या दिवशी मी सरकारी गाडी न घेता सुप्याहून नगरला एसटीने निघालो. बस त्या गावाच्या थांब्यावर थांबली. पाळी सुटली होती. मोरीतून बायका बोलत, हसत बाहेर आल्या, डबे हातात, कोणाच्या डोक्यावर पदर, कोणाच्या कानात मोबाईलची वायर. मला कोणी ओळखले नाही. ओळखायचे कारणही नव्हते.

खुनाचा तपास लागला की वर्तमानपत्रात बातमी येते, वरिष्ठ पाठ थोपटतात. जो अपघात झालाच नाही त्याची फाइल कुठल्याच ठाण्यात नसते. गुन्हेगार शोधणे हे आमचे काम, हे मला प्रशिक्षणात शिकवले होते. गुन्हा कबूल करणारा माणूस आणि त्याच्या पाठीशी उभे राहून आपली चूक दुरुस्त करणारे गाव मला त्या तपासाने दाखवले. माझ्या ठाण्याच्या हद्दीत असे गाव होते, हे मी आजही मान वर करून सांगतो.